फिल्म देऊन झाली आणि चूक दिसली? आख्खी रेंडर मारू नका, तेवढाच तुकडा बदला

मी लग्नाच्या फिल्म एडिट करतो. मे महिन्यातल्या एका लग्नाची २ तास १० मिनिटांची फिल्म पेनड्राईव्हवर देऊन झाली होती, दोन दिवसांनी रात्री फोन आला, दादा, आजोबांच्या नावापुढे कै. पडलंय. आजोबा फिल्ममध्ये अक्षता टाकताना दिसतायत, चांगले ठणठणीत आहेत, आणि सुरुवातीच्या आशीर्वादाच्या कार्डवर त्यांच्या नावापुढे कै.! आजीच्या नावाची ओळ कॉपी करून त्यावर आजोबांचं नाव टाकलं होतं, पुढचं कै. तसंच राहिलं. चूक पूर्ण माझी. आणि परवाच्या दिवशी दिवाळसणाला जावई येणार, सगळ्या पाहुण्यांसमोर टीव्हीवर फिल्म लावायची ठरलेली.

माझ्या मशीनवर तो प्रोजेक्ट रेंडर करायला, म्हणजे आख्खी फिल्म नव्याने काढायला, पाच तासांच्या वर लागतात, कारण रात्रीच्या वरातीच्या शॉट्सवर नॉइज रिडक्शन, म्हणजे अंधारातले दाणे कमी करणारा इफेक्ट लावलाय. पण वेळेपेक्षा मला दुसरी भीती जास्त असते. प्रोजेक्ट महिन्याभराने उघडला की एखादा प्लगइन अपडेट झालेला असतो, एखादी हार्ड डिस्क जोडायची राहते, फॉन्ट बदललेला असतो, आणि एक चूक काढताना दोन नव्या आत येतात, त्या कळतात परत घरच्यांनी बघितल्यावर. म्हणून जिथे चूक आहे तेवढंच हलवायचं, बाकीच्या २ तास ९ मिनिटांना हातच लावायचा नाही.

आधी फायलीची एक कॉपी दुसऱ्या डिस्कवर. मग बघायचं की चूक चित्रात आहे की आवाजात.

फक्त आवाजात असेल तर काम सोपं आहे. प्रोजेक्टमधून पूर्ण लांबीचा आवाज वेव्ह फाईलमध्ये काढा, याला मिनिटं लागतात, तास नाही. मग एव्हिडेमक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, त्यात तयार फिल्म उघडा, डाव्या बाजूला व्हिडिओ आऊटपुटला कॉपी ठेवा, ऑडिओ मेनूत सिलेक्ट ट्रॅकमध्ये जाऊन जुना ट्रॅक काढून नवी वेव्ह फाईल जोडा, ऑडिओ आऊटपुट एएसी (आवाज दाबून साठवायचा प्रकार) करा, खाली एमपीफोर निवडा आणि सेव्ह. चित्र जसंच्या तसं उचललं जातं, एका पिक्सेलचाही फरक पडत नाही.

चित्रातली चूक मात्र नीट समजून घेऊन करावी लागते. एचडॉटटूसिक्सफोर म्हणजे चित्र दाबून साठवायची पद्धत, तिच्या फायलीत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. मधूनमधून एक पूर्ण फ्रेम असते, तिला कीफ्रेम किंवा आय फ्रेम म्हणतात, आणि तिच्या मागच्या-पुढच्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच लिहिलेलं असतं. म्हणून री-एन्कोड न करता, म्हणजे चित्र नव्याने न दाबता, कुठेही कात्री लावता येत नाही, नवा तुकडा कीफ्रेमपासूनच सुरू करावा लागतो. मधेच कापलं तर पुढच्या कीफ्रेमपर्यंत चित्र चौकोनी-चौकोनी फाटतं.

तर फिल्म एव्हिडेमक्समध्ये उघडा, व्हिडिओ आणि ऑडिओ दोन्ही कॉपीवर. चुकीच्या जागेवर या. कीबोर्डवरच्या वर-खालीच्या बाणांनी एका कीफ्रेमवरून दुसऱ्या कीफ्रेमवर उडी जाते, डाव्या-उजव्या बाणांनी एकेक फ्रेम सरकते, आणि खाली फ्रेमचा प्रकारही दिसतो. चुकीच्या आधीची कीफ्रेम आणि चूक संपल्यानंतरची कीफ्रेम, या दोघींची वेळ मिलिसेकंदासकट कागदावर लिहून घ्या. माझं कार्ड पाच सेकंदांचं होतं, कीफ्रेम धरून तुकडा साडेसात सेकंदांचा झाला, तेवढं चालतं.

आता सुरुवातीपासून पहिल्या कीफ्रेमपर्यंतचा भाग एक म्हणून सेव्ह करा, बी मार्कर (भाग कुठे संपतो ती खूण) त्या कीफ्रेमवरच लावायचा, ती फ्रेम स्वतः त्यात येत नाही. दुसऱ्या कीफ्रेमपासून शेवटपर्यंतचा भाग तीन. मधला भाग दोन प्रोजेक्टमधून काढायचा, चूक दुरुस्त करून, इन पॉइंट पहिल्या कीफ्रेमवर आणि आऊट पॉइंट दुसऱ्या कीफ्रेमच्या एक फ्रेम आधी. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये आऊट पॉइंटची फ्रेमही एक्स्पोर्टमध्ये जाते, हे विसरलात तर एक फ्रेम जास्त होते.

भाग दोनच्या सेटिंगमध्ये कसलीही मोकळीक घेऊ नका. रिझोल्युशन, फ्रेम रेट, एन्कोडिंगचं प्रोफाइल आणि लेव्हल सगळं मूळ फिल्मचंच, जुना प्रीसेट (साठवून ठेवलेली सेटिंग) असेल तर तोच उचला. मूळ फिल्म ग्राफिक्स कार्डवरच्या हार्डवेअर एन्कोडिंगने निघाली असेल तर तुकडाही तसाच काढा, सॉफ्टवेअर एन्कोडिंगचा तुकडा त्यात मिसळत नाही, कारण एमपीफोर फायलीत डिकोडरसाठीची, म्हणजे फाईल उलगडून चित्र दाखवणाऱ्यासाठीची माहिती सुरुवातीला एकदाच लिहिली जाते आणि तुकड्याची माहिती वेगळी असली की तिथे चित्र हिरवं-करडं होतं.

मग भाग एक उघडा, फाईल मेनूतल्या अपेंडने दोन आणि मग तीन जोडा, कॉपीवरच ठेवून सेव्ह. डिस्क जेवढ्या वेगाने लिहील तेवढाच वेळ.

आवाजाचं एक सांगायचं राहिलं आणि ते मी स्वतः चुकूनच शिकलोय. एएसीचा आवाज १०२४ सॅम्पलच्या गठ्ठ्यांत असतो, ४८ किलोहर्ट्झला एक गठ्ठा साधारण २१ मिलिसेकंदांचा, तो व्हिडिओच्या फ्रेमशी बरोबर जुळत नाही, म्हणून जोडाच्या जागी टक् असा आवाज येऊ शकतो, सनई चालू असेल तर लगेच कळतं. त्यामुळे मूळ फिल्मचा पूर्ण आवाज आधीच सेव्ह ऑडिओने बाजूला काढून ठेवा आणि जोडलेल्या चित्राला तोच सलग लावा. याचा दुसरा फायदा असा की फिल्मच्या शेवटी ओठ आणि आवाज जुळतायत का बघितलं की फ्रेम कमी-जास्त झाली का ते तिथेच कळतं.

फोनवर शूट केलेल्या फायलींना हा उपाय शक्यतो लावू नका, त्यांचा फ्रेम रेट बऱ्याचदा बदलता असतो.

जे महिन्याला चार-पाच फिल्म काढतात त्यांनी मास्टर, म्हणजे तयार फिल्मची उच्च दर्जाची मूळ प्रत ठेवायची सवय लावावी, प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या कोडेकमध्ये (व्हिडिओ साठवायच्या पद्धतीत). यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, कुठेही कापा. जागा खूप लागते, १०८०पी, २५ फ्रेमला प्रोरेस ४२२ मध्ये २ तासांचे सुमारे ११० जीबी. पण दुरुस्ती म्हणजे डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये मास्टर टाइमलाइनवर टाकायचा, वर नवं कार्ड ठेवायचं आणि डिलिव्हर पेजवर बायपास री-एन्कोड व्हेन पॉसिबल ही खूण करून त्याच कोडेकमध्ये काढायचं, न बदललेला भाग तो नुसता कॉपी करतो. पुढे एमपीफोर परत काढावी लागते हे खरं, पण तेव्हा ना नॉइज रिडक्शन चालतं ना कलर, त्यामुळे काम कितीतरी लवकर उरकतं.

यूट्यूबवर चढवलेल्या व्हिडिओची फाईल त्याच लिंकवर बदलता येत नाही, स्टुडिओच्या एडिटरमध्ये फक्त ट्रिम, ब्लर आणि गाणं बदलणं होतं. व्हिमिओवर मात्र लिंक तीच ठेवून फाईल बदलता येते.

झाल्यावर दोन्ही जोड तीस सेकंद आधीपासून लावून बघा, लॅपटॉपवर नाही तर टीव्हीला पेनड्राईव्ह लावून, आणि एकदा फोनवर. जोडापाशी दोन-तीन फ्रेम फाटल्या तर आणखी एक कीफ्रेम मागे जाऊन परत करा. आणि नव्या फायलीला वेगळं नाव द्या. मी त्या घरी स्वतः गेलो, जुनी फाईल त्यांच्या पेनड्राईव्हवरून काढली, मुलीच्या सासरी एक कॉपी गेली होती तिथे फोन करून तीही पुसायला सांगितली, आणि नवीन कार्ड आधी आजोबांनाच दाखवलं.