तोफखान्यातल्या साहेबांचा स्मृतिदिन गावात करायचा असेल तर

पहिले फ्लेक्सवाल्याकडे पळू नका बाप्पा, आधी कागद जमवा. साहेब टेरिटोरियल आर्मीतले, म्हणजे एरवी नोकरी नाहीतर वावर पाहणारा अन् बोलावणं आलं की वर्दी चढवणारा माणूस, त्यामुळं अर्ध्या गावाला ते मास्तर म्हणून आठवतात, अर्ध्याला कॅप्टन म्हणून, अन् फलकावर कोणीतरी ठोकून देतो मेजर. हुद्दा, नंबर, युनिट, तारीख, चारही घरच्या ट्रंकेतल्या कागदावरून घ्या, पेन्शनचा आदेश असेल, जुनी तार असेल. मेडल असलं तर कडेवरून बोट फिरवा, तिथं नंबर अन् नाव कोरलेलं असतं. मंग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन ताळा करा. दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकात (२०१९ला झालं ते) भिंतींवर शहीद झालेल्यांची नावं कोरलेली आहेत, तेही पाहून घ्या.

१९६५, १९७१च्या काळातले असतील तर एक घोळ होतो. तेव्हा विमानं पाडायच्या तोफा तोफखान्यातच मोडायच्या, एअर डिफेन्सची शाखा वेगळी झाली १९९४ला, म्हणून कागदावर आर्टिलरी असेल तर तेच लिहा, शहाणपण करून बदलू नका.

तारीख घरच्यांना विचारून ठरवा. काही घरी तिथी पाळतात, काही घरी त्या दिवशी माईंना, म्हणजे साहेबांच्या मंडळींना, लोकांसमोर बसायचंच नसतं, तर जबरदस्तीनं स्टेजवर नेऊन शाल-नारळ देऊ नका. साहेब १९७१च्या लढाईत गेले असतील तर ती लढाई ३ ते १६ डिसेंबर, म्हणजे आपल्याकडं विदर्भात ऐन कापूस वेचणी, सकाळचा कार्यक्रम ठेवला तर खुर्च्याच बसतील. रात्री सातनंतर ठेवा. कोणी म्हणेल २८ सप्टेंबरला गनर्स डे असतो, तोफखान्याचा दिवस, तेव्हा करू, पण तेव्हा सोयाबीनची सोंगणी तोंडावर असते, पाहा तुमचं तुम्ही.

झेंड्याचं मात्र नीट ऐका. फलकाचं अनावरण करताना त्यावर तिरंगा झाकायचा नाही, ध्वजसंहितेत मनाई आहे, साधा पांढरा कपडा वापरा. गावानं आपल्या मनानं झेंडा अर्ध्यावर आणायचा नाही, तो सरकारच्या आदेशानंच येतो. पुतळ्याच्या भानगडीत तर पडूच नका, कलेक्टरची परवानगी लागते अन् नंतर कावळ्यांशिवाय कोणी तिकडं फिरकत नाही. ग्रामपंचायतीसमोर २०२३ला 'मेरी माटी मेरा देश' मोहिमेतला, वीरांच्या नावांचा शिलाफलक बसला असेल तर त्यावर नाव आहे का बघा, नसेल तर ग्रामसभेत ठराव घ्या.

आता खरं काम. साहेब सुट्टीवर आले की गावात काय करायचे ते म्हाताऱ्यांकडून काढा, मोबाइल रेकॉर्डिंगवर टाकून पारावर बसा. एकजण म्हणेल "आमाले रात्री लिवाले शिकोलं," दुसरा म्हणेल "नाला खोदाले सबन गाव लावलं होतं." आपल्याकडं गाडगेबाबांच्या झाडूचं अन् मोझरीच्या तुकडोजी महाराजांच्या प्रार्थनेचं वळण आहेच, त्यामुळं असं काही ना काही निघतंच. जे निघेल तेच त्यांच्या नावानं पुढं चालवा. शिकवायचे असतील तर अभ्यासिका काढा, नाहीतर मैदान. भरतीची पोरं पहाटे अंधारात डांबरी रोडवर ट्रकच्या मधात धावतात, त्यापेक्षा शाळेमागं चारशे मीटरचा ट्रॅक चुन्यानं आखून दिला तर चार फेऱ्यांत सोळाशे मीटर होते, खर्च काय तर चुना अन् थोडी सपाटी.

रक्तदान शिबिर घेणार असाल तर फार चांगलं, काऊन की नागपूर, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात सिकलसेलचे (रक्ताचा आनुवंशिक आजार) पेशंट खूप अन् त्यातल्या बऱ्याच जणांना रक्त पुन्हा पुन्हा लागतं. लायसनवाल्या रक्तपेढीला महिनाभर आधी पत्र द्या, हॉल, पंखे, पाण्याची सोय सांगा. रक्त देणारा १८ ते ६५ वर्षांचा, वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन साडेबारा तरी पाहिजे, मागच्या दानाला माणसाचे तीन महिने अन् बाईचे चार महिने झालेले असावे. उपाशी कोणी येऊ नये हे दवंडीतच सांगा, सकाळपासून वावरात राबून रिकाम्या पोटी आलेला माणूस तिथंच चक्कर येऊन पडतो.

आमदार-सरपंच येतील, येऊ द्या, पण भाषण पाच मिनिटं, अन् आधी बोलेल तो त्यांच्यासोबतचा कोणी माजी सैनिक, तो नसेल तर ज्याला त्यांनी शिकवलं तो. डीजे नको. वर्गणीचा हिशोब दुसऱ्याच दिवशी पंचायतीच्या बोर्डावर लावा, उरलेले पैसे अभ्यासिकेच्या लाइट बिलात घाला.