गवताच्या खोपीचं मॉडेल करताय? या चुका टाळा

शाळेचा प्रकल्प म्हणून झोपडी करायची ठरली की मुलं आधी डिंकाची बाटली शोधतात. पुठ्ठ्याचं घर, त्यावर चिकटवलेल्या काड्या, वरून तपकिरी रंग. लांबून झकास दिसतं, पण तांब्याभर पाणी ओतलं की सगळा लगदा! खरी खोप पावसाळा काढते. आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर गगनबावड्यात पाच हजारांच्या आसपास. त्यामुळे मॉडेल करताना प्रत्येक टप्प्यावर एकच विचारायचं: इथे पडलेलं पाणी जाणार कुठे?

छप्पर बसकं ठेवणं

सर्वांत जास्त मॉडेलं इथेच फसतात. गवत काही प्लास्टिकसारखं पाणी अडवत नाही. वरच्या काडीवरचं पाणी खालच्या काडीवर उतरतं, तिथून आणखी खालच्या, असं करत वळचणीपर्यंत, म्हणजे भिंतीबाहेर आलेल्या छपराच्या कडेपर्यंत, पोचतं. उतार चांगला असेल तर वरचा थोडाच थर भिजतो, आतला कोरडा राहतो. उतार कमी असेल तर पाणी रेंगाळतं आणि आत झिरपतं. घर २० सेंमी रुंद असेल तर आढं, म्हणजे सगळ्यात वरचा आडवा बांबू, भिंतीच्या माथ्यापासून निदान १० सेंमी उंच हवं. त्याहून जास्त चालेल, कमी नको.

शाकारणी (छपरावर गवत घालणं) वरून सुरू करणं

सुरुवात खालून, वळचणीकडून करायची. भाताच्या पिंजराच्या नाहीतर उसाच्या पाल्याच्या लहान पेंढ्या करा, छपराच्या कामट्यांना, म्हणजे बांबूच्या चिरलेल्या पट्ट्यांना, सुतळीने घट्ट बांधा. पुढची ओळ आधीच्या ओळीवर निम्मी तरी चढली पाहिजे. वरून खाली आलात तर प्रत्येक ओळीचं पाणी खालच्या ओळीच्या पोटात शिरतं. डिंक अजिबात नको, कारण चिकटवलेली काडी हलत नाही आणि कुजलेली बदलता येत नाही. खऱ्या छपराची डागडुजी पावसाळ्याच्या तोंडावर होतेच.

पिंजर ओलं असेल तर आधी उन्हात वाळवा, नाहीतर आठवड्यात बुरशीचा वास येईल. उसाचा पाला हंगामात शेतात पडलेलाच असतो, विचारून आणा. जुन्या गुऱ्हाळघरांवरही हाच पाला घालायचे.

भिंतीला तडे

माती वाळताना तिच्यातलं पाणी जातं आणि ती आकसते. काळी माती तर फारच. नुसत्या काळ्या मातीची भिंत उन्हात ठेवलीत तर संध्याकाळी नकाशा तयार! तांबडी माती, थोडी वाळू, बारीक कापलेलं पिंजर आणि शेण मिसळून चांगलं मळा, रात्रभर झाकून ठेवा. पिंजराचे धागे मातीला धरून ठेवतात. आधी कामट्यांचा कूड, म्हणजे भिंतीचा सांगाडा, विणून घ्या. खऱ्या घरात त्यासाठी सह्याद्रीतली कारवी वापरतात, सात-आठ वर्षांतून एकदा फुलणारी. त्यावर पहिला थर लिंपा आणि सावलीत वाळू द्या. त्याला बारीक तडे गेले तर घाबरू नका, दुसऱ्या पातळ थराने बुजतात.

वळचण आखूड, जोतं नाही

छप्पर भिंतीच्या बाहेर चार-पाच सेंमी आलंच पाहिजे, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील. घराखाली दगडगोट्यांचं जोतंही, म्हणजे उंच चौथरा, हवा. जमिनीवर टेकलेली मातीची भिंत तळाकडून भिजते आणि बसते. दार पूर्वेकडे दाखवा. आपल्याकडे पावसाची झड पश्चिमेकडून येते.

तपासणी

आत कोरा कागद ठेवा आणि झारीने पाच मिनिटं पाणी घाला. कागद मधोमध भिजला तर आढ्यावर फट आहे. तिथे पेंढी दुमडून घोड्यावर बसवल्यासारखी दोन्ही पाख्यांवर, म्हणजे छपराच्या दोन्ही उतारांवर, सोडा. एकाच ठिकाणी थेंब पडला तर दोन पेंढ्यांमधली जागा भरा. कडेने ओल आली तर वळचण वाढवा.

आत पणती लावायची हौस नको, वाळलेला पाला भडकायला ठिणगी पुरते. छोटा बॅटरीचा दिवा लावा. आणि छप्पर सुटं ठेवा: रिक्षात खोप तिरकी करावी लागते, आणि लिंपलेल्या भिंतीपेक्षा पाख्याचं टोकच आधी दारात अडकतं.