फोन कोणाकडे असतो, हे आधी विचारा

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, दुसऱ्या वर्षी माझं फील्डवर्क पुण्यातल्या एका समुपदेशन केंद्रात होतं. तिथे एक ताई यायच्या. धुणीभांडी करायच्या, नवरा मारायचा. बऱ्याच बैठकांनंतर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांकडे अर्ज द्यायला त्या तयार झाल्या. आदल्या संध्याकाळी मी उत्साहानं व्हॉट्सअॅप केलं, ‘ताई, उद्या ११ ला संरक्षण अधिकाऱ्यांकडे जायचंय, आधारची झेरॉक्स आणा.’ दोन्ही टिक लगेच निळ्या झाल्या. मला हायसं वाटलं.

मेसेज त्यांच्या थोरल्या मुलानं उघडला होता. संध्याकाळी फोन अभ्यासासाठी त्याच्याकडे असायचा. त्यानं तो बापासमोर मोठ्यानं वाचला.

ताई आल्या नाहीत. तीन आठवड्यांनी आल्या आणि एवढंच म्हणाल्या, “लिहायची काय गरज होती मॅडम? मी येणारच होते ना.”

गोपनीयतेवर परीक्षेत मी पानंच्या पानं लिहिली होती. फाईल कुलपात ठेवा, प्रोसेस रेकॉर्डिंगमध्ये, म्हणजे भेटीच्या सविस्तर नोंदीत, खरं नाव घालू नका. हे सगळं आपल्या बाजूचं झालं. वस्तीत फोन घराचा असतो, हे मला त्या वाक्यानं शिकवलं. तेव्हापासून पहिल्याच भेटीत मी विचारते: नंबर कोणाच्या नावावर? रात्री फोन कोणाकडे? मेसेज चालेल का? दुसऱ्या कोणी उचलला तर मी कोण म्हणून सांगू? एकीनं सांगितलं, “बचत गटातून बोलतेय म्हणा.” हे खोटं बोलणं झालं, यावरून माझा आणि सुपरव्हायझरचा चांगलाच वाद झाला. माझं मत अजून तेच आहे: तिच्या घरात काय खपेल ते तिला कळतं, मला नाही.

ओटीपीचं तर विचारूच नका. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेचं ई-केवायसी सुरू झालं, तेव्हा बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधारही लागायचं आणि ओटीपी त्यांच्या फोनवर जायचा. महिन्याच्या १,५०० रुपयांसाठी, ज्याच्यापासून सुटून आली त्यालाच फोन लावायचा? पुढे विधवा आणि घटस्फोटितांसाठी वेगळी सोय झाली, पण नुसतंच टाकून दिलेल्या बाईकडे कागद कुठला असणार? अशा वेळी ‘मीच करून देते, लावा त्याला फोन’ म्हणायचा मोह होतो. थांबा. तो फोन लावला तर ती कुठे राहते, कोणाबरोबर आहे, याचा माग त्याला लागू शकतो. ते तिला सांगा, मग तिला ठरवू द्या. एरवीही आपण शिबिरात ‘ओटीपी कोणाला देऊ नका’ म्हणतो आणि पुढच्याच मिनिटाला ‘ताई, ओटीपी सांगा’ म्हणून हात पुढे करतो. मी आता फोन तिच्याच हातात ठेवते, पडद्यावरचं वाचून दाखवते, बटण ती दाबते. वेळ लागतो, मागची रांग कुरकुरते. कुरकुरू दे.

फोटोंचं थोडक्यात सांगते. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७४ वाचून ठेवा. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ओळख म्हणजे नुसता चेहरा नव्हे, शाळाही आली. चेहरा धूसर करून गणवेशावरचा बिल्ला तसाच ठेवलेले फोटो मी कामाच्या ग्रुपवर पाहिलेत, खाली जीपीएसचा शिक्का आणि गल्लीच्या नावासकट.

फील्डवर्कला येणारी नवीन मुलं आता केसचा मजकूर चॅटबॉटमध्ये टाकून अहवाल लिहून घेतात. ‘नाव काढलंय ना मॅडम,’ म्हणतात. तीन मुली, नवरा रिक्षावाला, देवळामागची खोली, एवढं कळलं की वस्तीतलं शेंबडं पोरही घर दाखवेल. शिवाय तिनं ते तुम्हाला सांगितलं होतं, मशीनला नाही.

फील्डवर्कची प्लेसमेंट संपली की क्लायंटचे नंबर स्वतःच्या फोनमधून काढून टाका. आधी केंद्राच्या रजिस्टरमध्ये नोंदवा, ताईंना पुढच्या कार्यकर्तीची ओळख करून द्या, मग काढा. मीही काढले. दिवाळीत एका अनोळखी नंबरवरून पणत्यांचा फोटो आला, ‘ओळखलं का मॅडम?’ डीपीवर तोच थोरला मुलगा होता. लिहिलं ताईंनी की त्यानं, कळायला मार्ग नव्हता. दोन दिवस उत्तर जुळवत होते. शेवटी ‘शुभ दीपावली’ एवढंच पाठवलं, खाली नावही घातलं नाही.