बडोद्यात जिओकॅश लपवताय? या चुका टाळा

जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसवर खेळायचा शोधाचा खेळ: एकाने डबी (जिओकॅश) लपवून तिचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर द्यायचे, दुसऱ्यांनी ती शोधून आतल्या वहीत, म्हणजे लॉगमध्ये, नाव लिहायचं. २ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगॉनमध्ये या खेळातली पहिली डबी लपवली गेली. तिथे मोकळं रान होतं. आपल्याकडे दाट वस्ती आहे, चार महिने पाऊस असतो आणि गावातून विश्वामित्री वाहते. म्हणून डबी लपवताना शोधणाऱ्याच्या आधी त्या माणसाचा विचार करा, ज्याला या खेळाचा गंधही नाही आणि तरीही ती डबी ज्याच्या हाती लागणार आहे.

डबी बघून लोक घाबरतात

बेवारस वस्तूला हात लावू नका, ही स्टेशनवरची सूचना आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. काळी टेप गुंडाळलेला पाइप किंवा लष्करी धाटणीची लोखंडी पेटी मांडवीजवळ कुणाला दिसली, तर तो पोलिसांना फोन करणारच आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. डबी पारदर्शक घ्या. वर गुजराती, हिंदी आणि इंग्रजीत ठळक लिहा की ही खेळातली डबी आहे, उघडून पाहायला हरकत नाही.

परवानगी आधी घ्या. कमाटी बाग महानगरपालिकेची आहे, तिथल्या उद्यान खात्याला विचारा. आणि माळीकाकांना, चौकीदाराला स्वतः भेटून डबी दाखवून ठेवा. माझ्या मते कागदावरच्या सहीपेक्षा ही ओळखच डबीला जास्त दिवस टिकवते. स्टेशन, शाळा, बँक, लष्करी हद्द ही ठिकाणं सोडूनच द्या. प्रतापनगरचा हजिरा किंवा चांपानेर यांसारख्या संरक्षित वास्तूंच्या दगडांत काहीही खोचू नका. १९५८ च्या कायद्यानुसार अशा वास्तूला इजा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. जमीन खणून डबी पुरणं तर खेळाच्या नियमांतच बसत नाही.

नदीकाठचा मोह

विश्वामित्रीचा काठ शांत आणि झाडीचा आहे, पण तिथे मगरी आहेत. थंडीत त्या उन्हासाठी काठावर येऊन पडतात. ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या वस्तीतही शिरल्या होत्या. शोधणारा माणूस फोनकडे बघत, वाकून, हात आत घालून शोधत असतो, आणि अशा जागी नेमकं हेच जिवावर बेतू शकतं. काठापासून आणि पुलाखालच्या भागापासून दूर राहा. यात तडजोड नको.

लॉग ओला का होतो?

दोष बहुतेक वेळा झाकणाचा नसतो. आतल्या प्लॅस्टिक पिशवीचा कोपरा झाकणाच्या रबरात अडकतो आणि त्या फटीतून पाणी आत जातं. पिशवी डबीपेक्षा बरीच लहान घ्या. चार बाजूंनी कड्या लागणारा, रबरी कड असलेला डबा उत्तम. छोट्या जागेसाठी, जी फुगवून प्लॅस्टिकची बाटली बनवतात ती जाड नळी चालते. कॅमेऱ्याच्या रोलची जुनी डबी मात्र आपल्या पावसात टिकत नाही. पेनापेक्षा पेन्सिल ठेवा, शाई ओल्या कागदावर पसरते. खाऊ ठेवला की मुंग्या आणि खारी आल्याच. लायटर, चाकू, फटाके यांनाही मनाई आहे.

डबी आहे, पण सापडत नाही

आधी आकड्यांची पद्धत तपासा. २२.३०० अंश म्हणजे २२ अंश १८ मिनिटं. कुणी ते २२ अंश ३० मिनिटं असं भरलं, तर जागा सुमारे २२ किलोमीटर उत्तरेला सरकते. पद्धत बरोबर असेल तर झाडांकडे बघा. कमाटी बागेतल्या दाट झाडीखाली फोनचं स्थान भरकटतं, म्हणून वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी नोंदी घेऊन त्यांची सरासरी काढा. लोखंडी कठड्याजवळ फोनच्या होकायंत्रावर विसंबू नका. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर लागतं, तेही आधीच मोजा.

शोधणाऱ्यांसाठी थोडंसं. सापडली नाही तर संकेतस्थळावर तशी नोंद करा, त्यावरूनच मालकाला डबी हरवल्याचं कळतं. आपल्या मनाने तिथे दुसरी डबी ठेवू नका. जिथून उचलली, जशी होती, तशीच परत ठेवा. डबीतली एखादी छोटी वस्तू घेतली तर तितक्याच मोलाची दुसरी ठेवा. प्रवासी टॅग (डबीतून डबीत फिरणाऱ्या वस्तूचा क्रमांकाचा बिल्ला) लावलेली वस्तू घरी ठेवायची नसते, ती पुढच्या डबीत सोडायची असते.

कल्पना सुचत नसतील तर

दिव्याच्या खांबाला चिकटवलेली चुंबकी डबी आता पुरे झाली. मांडवी, न्यायमंदिर, सुरसागर अशा टप्प्यांची साखळी करा. प्रत्येक ठिकाणी नुसत्या डोळ्यांनी मोजता येईल असं काहीतरी निवडा, कमानी किंवा खांब, आणि त्या आकड्यांतून शेवटच्या डबीचे अक्षांश-रेखांश निघू द्या. मग गर्दीत कुणाला कोपरे चाचपत बसावं लागणार नाही. पावागडावर अर्थकॅश शोभेल. त्यात डबी नसतेच, ज्वालामुखीच्या खडकांचं निरीक्षण करून प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. परवानगीचं मात्र तिथेही विचारून घ्या.

मला स्वतःला सगळ्यात भावते ती मोडी लिपीतल्या कोड्याची कल्पना. गायकवाडी दप्तरातले जुने कागद मोडीतच आहेत आणि दांडिया बाजारातल्या मराठी घरांत अजून एखाद्या आजोबांना ती वाचता येत असेल. नातवाने त्यांच्याकडे कोडं घेऊन जावं, अशा बेताने ते रचा. कोड्याच्या डबीची नकाशावरची खूण नुसती दिखाऊ असते; खरी डबी त्या खुणेपासून ३.२ किलोमीटरच्या आत हवी, आणि उत्तर पडताळण्याची सोय डबीच्या वेबपानावर जरूर द्या. नाहीतर मोडीतला एक आकडा चुकीचा वाचला गेला, की आजोबा-नातू भलत्याच कुणाच्या अंगणात जाऊन उभे राहतील.