दुसऱ्या खेळातून अमेरिकन फुटबॉलकडे येताना

बाहेरून आलेला खेळाडू बहुतेकदा जागा निवडतानाच चुकतो. टीव्हीवर सतत क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाचा डाव चालवणारा खेळाडू दिसतो, म्हणून ओढा तिकडे. पण त्या जागेवरची मुलं शाळेपासून समोरच्या संघाची मांडणी वाचत वाढलेली असतात. विशीत येऊन ते अंतर भरून निघणं फार अवघड. आपलं शरीर आणि आपला जुना खेळ जिथे कामी येईल, तीच जागा धरावी. नॉर्वेचा यान स्टेनेरुड स्की जंपिंगच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेतल्या माँटाना स्टेट विद्यापीठात आला आणि किकर, म्हणजे चेंडूला लाथ मारून गुण मिळवणारा खेळाडू झाला. नायजेरियाचा थाळीफेकपटू ख्रिश्चन ओकोये १९८४ मध्ये, तेविसाव्या वर्षी हा खेळ शिकायला लागला. १९८९ मध्ये चेंडू घेऊन १,४८० यार्ड धावून तो त्यात एनएफएल या अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये पहिला आला.

सगळ्यात नीट अभ्यासावा तो जॉर्डन मायलाटा. सिडनीचा रग्बी लीग खेळाडू, उंची सहा फूट आठ इंच. एनएफएलने परदेशी खेळाडूंसाठी २०१७ मध्ये सुरू केलेल्या योजनेतून तो फ्लोरिडात शिकला. फुटबॉलचा एकही सामना न खेळता २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेऱ्यांत, सातव्या फेरीत फिलाडेल्फिया ईगल्स संघाने त्याला घेतलं. पहिले दोन हंगाम तो लीगच्या एकाही अधिकृत सामन्यात उतरला नाही. २०२० मध्ये संधी मिळाली, २०२१ मध्ये लेफ्ट टॅकलची (क्वार्टरबॅकची डावी बाजू राखणाऱ्याची) जागा पक्की झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये संघाने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना जिंकला. ही दोन कोरडी वर्षं ज्याला मान्य नाहीत, त्याने या वाटेला येऊ नये.

रग्बीवाल्याला इथे अडतं कुठे? तो अंगावर धावून जातो. आपला क्वार्टरबॅक पास फेकत असताना त्याला वाचवणाऱ्या पुढच्या फळीतल्या लाइनमनला मागे सरकत लढायचं असतं: कंबर खाली, पाठ ताठ, बाहेरचा पाय छोट्या पावलांनी मागे, हात समोरच्याच्या छातीच्या आत. कमरेतून वाकलात तर चपळ खेळाडू बाजूने निसटतो. मग घाईत त्याची जर्सी धरली जाते: होल्डिंग, दहा यार्ड दंड. चेंडू सुटण्याआधी हललात तर पाच. मनगट आणि पाय यांचा हा मेळ हजारो वेळा करूनच बसतो. कुस्ती खेळलेल्यांना खाली राहायची सवय असते, म्हणून प्रशिक्षकांना ते आवडतात.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष करू नका. मायदेशी पूर्णवेळ कॉलेजला नाव घातलं की एनसीएएच्या (अमेरिकन कॉलेज खेळांच्या संघटनेच्या) पात्रतेचं, म्हणजे कॉलेजकडून खेळायच्या मोजक्या वर्षांचं घड्याळ तिथूनच चालू होतं. हे अनेकांना उशिरा कळतं. शिवाय एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत जाहिरातीचं काम करून पैसे घेतले तर व्हिसाच धोक्यात येऊ शकतो. सोबतचे खेळाडू घेताहेत म्हणून सही करू नका. आधी कॉलेजचं कम्प्लायन्स ऑफिस (नियमपालन पाहणारं कार्यालय), मग इमिग्रेशन वकील, यांना विचारा.

व्यावसायिक संघात मुख्य चमू ५३ जणांचा आणि सराव चमू १६ जणांचा. २०२४ पासून बत्तीसही संघांना परदेशी खेळाडूसाठी सराव चमूत एक जादा जागा मिळते. नवख्याने आधी तीच गाठायचा प्रयत्न करावा.