सड्यावर फुलं टिपायला जाताना

गाडीतला एसी बंद करा. सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, पोचल्यावर नव्हे, घरून निघतानाच. गणपतीच्या चवथीच्या आधीच्या दिवसांत गोव्याची हवा इतकी ओली असते की गार गाडीतून कॅमेरा बाहेर काढला की काचेवर लगेच दव धरतं. पुसलंत तरी परत धरतं, कारण काच अजून गारच असते. घाईने लेन्स बदलायला गेलात तर तेच दव आत शिरतं. मागच्या वर्षी याच एका गोष्टीपायी माझी अख्खी सकाळ वाया गेली.

बॅटरी, कार्ड, छत्री, पाणी हे सांगायला नको. मोबाइलही चालतो, जवळून टिपायची छोटी लेन्स त्याला लावा. एसीचा नियम मोबाइललाही तोच.

गोणपाट घ्याच. सीतेची आसवं ही इवली फुलं उभ्याने टिपलीत तर नुसता जांभळा पट्टा येईल, फूल दिसणार नाही. पोटावर झोपावं लागतं आणि जांभा टोचतो. पण अंग टाकण्याआधी खाली बघा, तिथेही फुलंच असतात. मोकळा कातळ शोधा, मगच आडवे व्हा.

जांभ्यावरची माती बोटभरही नसते, तिच्यात नत्र कमी. म्हणून इथल्या काही वनस्पती जीव धरून खातात. सीतेच्या आसवांचे सापळे ओल्या मातीत, डोळ्यांना न दिसणारे. दवबिंदू नावाच्या वनस्पतीचे मात्र उघडे: पानावर तांबूस केस, प्रत्येकाच्या टोकाला चिकट थेंब, आणि नीट पाहिलंत तर त्यात एखादं चिलट अजून पाय हलवत असतं. हा फोटो हवा असेल तर काच निखळ हवी. वाफ धरलेल्या काचेतून त्या थेंबांचा नुसता पांढरा डाग होतो. तेव्हा पुन्हा सांगते, एसी बंद! बरोबरचे उकडतंय म्हणाले तर खिडक्या उघडा. कुणी ऐकतच नसेल तर उतरण्याआधी, गाडीतच, कॅमेरा हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि बाहेर आल्यावर अर्धा तास ती उघडू नका. दव पिशवीवर धरेल, काचेवर नाही.

माटोळीचं, म्हणजे चवथीला गणपतीवर टांगायच्या रानफळा-फुलांच्या छताचं, सामान आणायला रानात जाणारी गावातली जाणती माणसं गाठा. कुठल्या कातळावर काय फुललंय हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. कळलावी तर वाटेतल्या कुंपणावरच दाखवतील. सडा रिकामा दिसला तरी कुणाचा ना कुणाचा असतो, बऱ्याचदा कोमुनिदादचा (गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेचा), तेव्हा विचारून जा. म्हादई अभयारण्यात शिरायचं तर वनखात्याची परवानगी काढा. आणि जवळचा सडा पुढच्या वर्षी बघू म्हणून सोडू नका. मोपाच्या सड्यावर जानेवारी २०२३ पासून विमानं उतरतात.

शेवाळावर जपून. ढग गडगडले की फोटो अर्धा सोडून उठा, उघड्या सड्यावर वीज पडली तर आडोसा नाही. फूल तोडू नका, दगड हलवू नका.

घरी आल्यावर कॅमेरा पुसून सिलिकाच्या पुड्यांबरोबर डब्यात, नाहीतर बुरशी ठरलेली. फोटोंना गावाचं नाव आणि तारीख त्याच रात्री लिहा.