कूर्चेच्या शस्त्रक्रियेनंतर पीआरपी घेताय? या चुका टाळा

सांध्यातील कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणाला, रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिची इजा त्वचेवरील जखमेसारखी आपोआप भरून येत नाही. मायक्रोफ्रॅक्चर शस्त्रक्रियेत कूर्चेखालच्या हाडाला बारीक छिद्रे पाडून मज्जेतील पेशींना वर येऊ दिले जाते. पुढे रुग्णाच्याच रक्तापासून तयार केलेला प्लेटलेट्सयुक्त द्रव, म्हणजेच पीआरपी, सांध्यात सोडल्यास त्यातील वृद्धिघटक या दुरुस्तीला हातभार लावतील, अशी अपेक्षा असते.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे इंजेक्शननंतर वेदना कमी झाली की कुबड्या बाजूला ठेवणे. वेदना शमणे आणि कूर्चा भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छिद्रांवर जमलेली रक्ताची गुठळी सुरुवातीला अतिशय मऊ असते, आणि गुडघ्याच्या भार पेलणाऱ्या भागावर मायक्रोफ्रॅक्चर झाले असेल तर साधारण ६ ते ८ आठवडे पायावर पूर्ण वजन देऊ नये, असे सांगितले जाते. या काळात सांधा अजिबात न हलवणेही चुकीचेच आहे, कारण भाराविना केलेल्या हालचालीतूनच नव्या ऊतीला पोषण मिळते. फिजिओथेरपीचे हे वेळापत्रक पीआरपीमुळे आखूड होत नाही, हे रुग्णाच्या घरच्यांनाही माहीत असावे.

दुसरी चूक म्हणजे प्लेटलेट्सच्या कामात अडथळा आणणारी वेदनाशामके घेणे. ॲस्पिरिनमुळे बाधित झालेली प्लेटलेट तिच्या ७ ते १० दिवसांच्या आयुष्यात पूर्ववत होत नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांचा परिणाम तात्पुरता असला तरी पीआरपीच्या आसपास ती टाळण्याचा सल्ला सहसा दिला जातो. मात्र हृदयविकारासाठी किंवा शस्त्रक्रियेनंतर गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिलेले औषध रुग्णाने स्वतःहून कधीही थांबवू नये. तो धोका पीआरपीच्या कोणत्याही लाभापेक्षा मोठा आहे.

सगळे पीआरपी सारखेच, हा समजही सोडायला हवा. रक्तात प्लेटलेट्स प्रति मायक्रोलिटर १.५ ते ४.५ लाख असतात आणि पीआरपीत त्यांचे प्रमाण बहुधा त्याच्या ३ ते ५ पट केले जाते, परंतु ते उपकरणानुसार आणि रुग्णानुसार बदलते. पांढऱ्या पेशी अधिक असलेल्या द्रवाने दाह वाढू शकतो, म्हणून सांध्यासाठी अनेक तज्ज्ञ त्या कमी असलेला प्रकार निवडतात. कोणता प्रकार दिला आणि किती मिलिलिटर दिला, याची लेखी नोंद मागून घ्यावी. त्याच वेळी सांध्यात बधिरतेचे औषध सोडणार आहेत का, हेही विचारावे, कारण बुपिव्हॅकेनसारखी औषधे कूर्चेच्या पेशींना घातक ठरू शकतात.

संशोधनाचा अर्थ लावतानाही घाई होते. गुडघ्याच्या सौम्य ते मध्यम संधिवातावर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २८८ जणांच्या चाचणीत पीआरपी आणि मिठाच्या पाण्याचे इंजेक्शन यांत १२ महिन्यांनंतर वेदनेत किंवा कूर्चेच्या ऱ्हासात लक्षणीय फरक आढळला नाही. ही चाचणी शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांवर नव्हती, म्हणून ती आपल्याला जशीच्या तशी लावू नये. पण खात्रीशीर हमी देणाऱ्यावर विश्वास ठेवण्याआधी ती आठवावी.

इंजेक्शननंतर दोन-तीन दिवस सूज आणि ठणका राहू शकतो. त्यासाठी डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्यावे आणि कापडात गुंडाळलेल्या बर्फाने शेकावे. ताप, वाढती लाली, सांधा हलवताच असह्य होणारी वेदना किंवा पोटरीत नव्याने आलेली सूज दिसल्यास मात्र पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.